टिकाऊ लॅपटॉपचा इतिहास : ऑसबोर्नपासून खैरातच्या शाळेपर्यंत

शारजाच्या रोल्ला भागाला नाव मिळाले ते एका वडाच्या झाडावरून. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लावलेल्या या वडाखाली गावातली माणसे भेटत, ईदला जमत, मुले फांद्यांना झोपाळे बांधत. १९७८ साली तो वड वठून गेला आणि त्या जागी आज चौकातले स्मारक उभे आहे. झाड गेले, नाव राहिले. आता या नावाभोवती सोने, कापड, मोबाईल आणि कॉम्प्युटर यांचा बाजार आहे, आणि सुटीच्या संध्याकाळी आपल्यापैकी पुष्कळजण तिथे एखाद्या दुकानाच्या काउंटरसमोर उभे असतात. दीडशेहून अधिक वर्षे उभ्या राहिलेल्या झाडाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाजारात आपण तीन वर्षांत खिळखिळी होणारी यंत्रे खरेदी करतो, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

लॅपटॉप घेताना आपण काय विचारतो? प्रोसेसर कोणता, रॅम किती, किंमतीत किती सूट आणि सोबत बॅग फुकट मिळते का. बिजागरी कशाची आहे, बॅटरी स्क्रूने बसवली आहे की गोंदाने चिकटवली आहे, हे सहसा कुणी विचारत नाही. खरे तर परदेशी राहणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हेच प्रश्न महत्त्वाचे आहेत. आपला लॅपटॉप ऑफिसचे काम करतो, मुलांचा अभ्यास करतो, सुटीत विमानाने गावी जातो आणि म्हातारपणी बहुधा साताऱ्याला किंवा सांगलीला आईवडिलांच्या टेबलावर जाऊन बसतो. एवढे आयुष्य त्याला झेपावे अशी आपली अपेक्षा असते. ही अपेक्षा कोणती यंत्रे पुरी करतात आणि का, हे समजून घ्यायचे तर थोडा इतिहास पाहावा लागतो.

लॅपटॉपच्या आधीचे टिकाऊ यंत्र

महाराष्ट्राला टिकाऊ लेखनयंत्राचा परिचय नवा नाही. गोदरेज अँड बॉइस या मुंबईच्या कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. कोर्टाबाहेरचे टंकलेखक, तहसील कचेऱ्या, शाळांची कार्यालये आणि गावोगावचे टायपिंग क्लास यांनी पुढची पाच दशके त्यावर काम केले. पुढे सातारा जिल्ह्यातील शिरवळच्या कारखान्यातही हे यंत्र बनत असे. २००९ च्या सुमारास त्याचे उत्पादन थांबले, तेव्हा साऱ्या जगात टाइपरायटरचे कारखाने बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते.

ही यंत्रे एवढी का टिकली? पोलादी चौकट हे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. त्यातला प्रत्येक भाग डोळ्यांना दिसत होता, स्क्रूने बसवलेला होता आणि वेगळा काढून बदलता येत होता. फीत संपली तर फीत बदला, टंकाचा दांडा वाकला तर तो सरळ करा. तालुक्याच्या गावातला कारागीर दोन पेचकस आणि तेलाच्या बुधलीवर हे सारे करत असे. यंत्र मजबूत होते आणि त्याची दुरुस्ती गावात होत होती. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे यंत्राला दीर्घायुष्य लाभते. लॅपटॉपच्या इतिहासात या दोहोंची जोडी कधी जमली, कधी तुटली, तेच आता पाहू.

तामिळनाडूत वाढलेला मुलगा आणि अकरा किलोंचे यंत्र

हातात उचलून नेता येईल असा, व्यापारी यश मिळवणारा पहिला कॉम्प्युटर १९८१ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात जाहीर झाला. त्याचे नाव ऑसबोर्न-१. त्याचा जनक अ‍ॅडम ऑसबोर्न हा बँकॉकमध्ये जन्मलेला, पण बालपण तामिळनाडूत गेलेला माणूस. त्याचे वडील आर्थर ऑसबोर्न हे रमण महर्षींचे अनुयायी होते आणि कुटुंब तिरुवण्णामलैला राहत असे. आयुष्याच्या शेवटी अ‍ॅडम भारतात परतला आणि २००३ मध्ये कोडाईकनालला त्याचे निधन झाले.

त्याचे यंत्र मात्र आजच्या अर्थाने लॅपटॉप नव्हते. वजन सुमारे अकरा किलो, पडदा पाच इंचांचा, बॅटरी नाही, किंमत १,७९५ डॉलर. शिवणयंत्राच्या पेटीसारखे ते झाकण लावून उचलायचे. मांडीवर घेण्याची सोयच नव्हती! तरीही ते खपले, कारण काम घेऊन हिंडणाऱ्या माणसाची गरज त्याने ओळखली होती. १९८३ मध्ये कंपनी बुडाली. नवे मॉडेल येणार असल्याची वाच्यता फार लवकर झाली आणि गिऱ्हाईक थांबून राहिले, असे त्याचे एक कारण सांगतात.

पुस्तकासारखे मिटणारे आणि खऱ्या अर्थाने दणकट असे पहिले यंत्र १९८२ मध्ये आले. ग्रिड कंपास हे त्याचे नाव, आणि बिल मॉग्रिज हा ब्रिटिश अभिकल्पकार त्याचा शिल्पकार. आज आपण पडदा उघडतो-मिटतो ती रचना त्याची. त्याचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते. मॅग्नेशियम अ‍ॅल्युमिनियमपेक्षाही हलके. त्याचे मिश्रधातू कणखर असतात आणि आतली उष्णता बाहेर नेतात. किंमत ८,१५० डॉलर, म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची. त्याचे गिऱ्हाईक होते अमेरिकन लष्कर आणि नासा. अवकाशयानातून हे यंत्र प्रवास करून आले.

इथे एक सूत्र हाती लागते. यंत्र टिकाऊ होते ते टिकाऊपणा मागणारे गिऱ्हाईक असते म्हणून. कारखानदार आपण होऊन ती तसदी क्वचितच घेतो.

काळा डबा आणि लष्करी कसोटी

१९९२ च्या ऑक्टोबरमध्ये आयबीएमने थिंकपॅड ७००-सी बाजारात आणला. त्याचा बाह्य आकार रिचर्ड सॅपर या जर्मन अभिकल्पकाराने जपानी जेवणाच्या डब्यावरून, म्हणजे बेंतोवरून, सुचवला. बाहेरून साधा काळा चौकोन, उघडला की आत सगळे व्यवस्थित मांडलेले. अभियांत्रिकी जपानमधील यामातो येथील प्रयोगशाळेत, अरिमासा नाईतो यांच्या नेतृत्वाखाली झाली. बिजागरी हजारो वेळा उघडमीट करून पाहायची, यंत्र पाडून पाहायचे, झाकणावर भार ठेवून पाहायचे, असे छळप्रयोग तिथे नित्याचे होते. १९९३ च्या डिसेंबरमध्ये हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीसाठी गेलेल्या यानातही थिंकपॅड होता.

पण थिंकपॅडच्या दीर्घायुष्याचे रहस्य केवळ कवचात नाही. आयबीएमने, आणि २००५ मध्ये हा व्यवसाय घेतल्यानंतर लेनोव्होनेही, प्रत्येक मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका सर्वांना खुली ठेवली. कुठला स्क्रू आधी काढायचा, कीबोर्ड कसा उचलायचा, कुठल्या सुट्या भागाचा क्रमांक काय, हे सारे त्यात छापलेले. त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावरचा, कारागीर किंवा बर दुबईच्या 'कॉम्प्युटर स्ट्रीट'वरचा मल्याळी मेकॅनिक तो यंत्र निर्धास्तपणे उघडू शकला. शिरवळच्या टाइपरायटरचाच धर्म इथे पुन्हा दिसतो.

१९९६ मध्ये जपानच्या पॅनासॉनिकने टफबुक आणला. पोलिसांची गाडी, बांधकामाची जागा, तेलविहीर अशा ठिकाणी चालावा म्हणून तो मुद्दाम घडवला होता. मॅग्नेशियमचे कवच, धक्का शोषणारी डिस्कची गादी, झाकलेली छिद्रे. आखातात साइटवर काम करणाऱ्या आपल्या इंजिनियर मित्रांना हे यंत्र पाहून माहीत असेल.

याच सुमारास जाहिरातींतून 'मिल-स्टँडर्ड ८१०' हा शब्द ऐकू येऊ लागला. हा अमेरिकन लष्कराचा कसोटीग्रंथ १९६२ पासून आहे. उष्णता, थंडी, दमट हवा, धूळ, हादरे आणि पडणे यांच्या चाचण्या कशा घ्याव्यात हे त्यात दिले आहे. पाडण्याच्या एका प्रसिद्ध चाचणीत वस्तू सव्वीस प्रकारे पाडतात. सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपरे, मिळून सव्वीस. मात्र वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही कसोटी कोणत्याही सरकारी कचेरीकडून प्रमाणित होत नाही. कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे कारखानदार स्वतःच ठरवू शकतो. कुणी चार चाचण्या करतो, कुणी चौदा. शिक्का दोघांच्याही खोक्यावर सारखाच दिसतो. तेव्हा शिक्का पाहिल्यावर 'नेमक्या कोणत्या चाचण्या?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आखाती हवा आणि नाजूक यंत्र

आपल्या इथल्या हवेला यंत्राचे तीन शत्रू प्रिय आहेत : उष्णता, बारीक वाळू आणि समुद्राकडून येणारी खारट, दमट हवा. या तिघांनी काय होते हे गेल्या वीस वर्षांच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

उष्णतेचे उदाहरण २००८ चे. एनव्हिडिया या कंपनीने त्या वर्षीच्या जुलैत जाहीर केले की लॅपटॉपमधील तिच्या काही चित्र-चिपा जोडणीतल्या कमकुवत द्रव्यामुळे निकामी होत आहेत. त्यासाठी तिने दीड ते दोन कोटी नव्हे, पंधरा ते वीस कोटी डॉलर बाजूला काढले. यंत्र तापते तेव्हा धातू फुगतो, बंद केले की आकसतो. असे हजारदा झाले की सूक्ष्म सांधे तडकतात. ज्याचा पंखा धुळीने चोंदलेला आहे, त्या यंत्रात हे अधिक लवकर घडते.

धुळीचे उदाहरण अ‍ॅपलचे. २०१५ पासून या कंपनीने मॅकबुकमध्ये फार पातळ असा 'बटरफ्लाय' कीबोर्ड वापरला. धुळीचा एखादा कण आत गेला की कळ अडके किंवा एकाची दोन अक्षरे उमटत. २०१८ मध्ये कंपनीने फुकट दुरुस्तीची योजना जाहीर केली, २०२० पर्यंत तो कीबोर्ड मोडीत काढला आणि २०२२ मध्ये ग्राहकांच्या दाव्यात पाच कोटी डॉलर देण्याची तडजोड केली. अर्ध्या मिलिमीटरच्या हव्यासाची ही किंमत! कॅलिफोर्नियात जे घडले ते वाळूच्या प्रदेशात अधिक घडणार हे उघड आहे.

तिसरी गोष्ट बॅटरीची. लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये प्रथम बाजारात आणली आणि लॅपटॉप हलके झाले. परंतु ही बॅटरी उष्णतेत, आणि त्यातही पूर्ण भरलेल्या स्थितीत, लवकर म्हातारी होते. जुलैच्या दुपारी पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीत ठेवलेला लॅपटॉप म्हणजे तव्यावर ठेवलेली बॅटरीच. २००६ मध्ये डेलने सोनी बनावटीच्या एक्केचाळीस लाख बॅटऱ्या परत मागवल्या, त्या पेट घेण्याच्या भीतीमुळे. त्या वेळी बॅटरी एक खटका दाबून निघत होती, म्हणून गिऱ्हाइकाला नवी बॅटरी टपालाने मिळाली आणि काम भागले. आज बॅटरी चिकटवलेली असेल तर तेच काम किती अवघड होईल याची कल्पना करावी.

आणि प्रवास! २०१७ च्या मार्चमध्ये अमेरिकेने दुबई आणि अबुधाबीसह दहा विमानतळांवरून तिकडे येणाऱ्या विमानांत केबिनमध्ये लॅपटॉप नेण्यास बंदी केली. जुलैत ती उठेपर्यंत अनेकांच्या लॅपटॉपना सूटकेससोबत मालकक्षातून प्रवास करावा लागला. २०२० च्या मार्चमध्ये इथल्या शाळा घरी भरू लागल्या, तेव्हा तर लॅपटॉप हाच मुलांचा वर्ग झाला. दोन मुले आणि एक यंत्र अशा घरांत जुना, कपाटात पडलेला पण धड चालणारा लॅपटॉप केवढा मोलाचा ठरला, हे पालकांना आठवत असेल.

२००९ मध्ये स्क्वेअरट्रेड या विमा-हमी देणाऱ्या अमेरिकन कंपनीने तीस हजारांहून अधिक लॅपटॉपची नोंद तपासली. तीन वर्षांत जवळजवळ एक-तृतीयांश यंत्रे बिघडली होती, आणि त्यांतली दोन-तृतीयांश आपोआप, एक-तृतीयांश पडून किंवा काही सांडून. म्हणजे आपण कितीही जपले तरी बिघाडाचा मोठा वाटा घडणीतच असतो.

खैरातची शाळा

टिकाऊ लॅपटॉपचा सर्वांत धाडसी प्रयोग मात्र श्रीमंतांसाठी झाला नाही, आणि त्याचा एक धागा आपल्या रायगड जिल्ह्यात येतो. अमेरिकेतील एमआयटीचे निकोलस नेग्रोपाँटे यांनी गरीब देशांतील प्रत्येक मुलाला शंभर डॉलरचा लॅपटॉप देण्याची कल्पना मांडली. २००५ च्या नोव्हेंबरमध्ये ट्युनिसच्या परिषदेत कोफी अन्नान यांच्या हस्ते त्याचा नमुना दाखवला. वीज नसेल तिथे फिरवून चालवायचा दांडा त्याला बसवला होता. अन्नान यांनी तो फिरवला आणि तो हातातच आला! या फजितीने अभिकल्पकारांना शहाणे केले. दांडा यंत्राच्या अंगावरून गेला आणि मुले यंत्र कसे हाताळतात याचा कसून विचार झाला.

२००७ मध्ये तयार झालेल्या या 'एक्स-ओ' यंत्राची रचना पाहण्यासारखी आहे. फिरणारी डिस्क नाही, पंखा नाही. म्हणजे हलणारे, झिजणारे भाग जवळजवळ नाहीतच. कीबोर्ड एकसंध रबराचा, त्यात धूळ वा पाणी शिरत नाही. कानांसारखे अँटेना मिटले की तेच छिद्रांची झाकणे होतात. पडदा उन्हातही वाचता येतो. बॅटरी लिथियम-लोह-फॉस्फेटची, दोन हजार वेळा भरता यावी अशी. आणि सर्वांत गोड गोष्ट : जादा स्क्रू यंत्राच्या आतच ठेवलेले! स्क्रू हरवणारच, हे गृहीत धरणारा अभिकल्पकार मुलांना ओळखत होता.

भारत सरकारच्या शिक्षण खात्याने ही योजना २००६ मध्ये नाकारली. तरीही २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात या छोट्या गावच्या एकशिक्षकी शाळेत वीस-बावीस मुलांच्या हाती ही यंत्रे आली आणि भारतातला पहिला प्रयोग सुरू झाला. कोकणचा पावसाळा, लाल माती आणि पहिली ते चौथीची मुले. लष्करी कसोटीपेक्षा ही परीक्षा सोपी म्हणता येणार नाही. योजना भारतात फारशी पसरली नाही. शंभर डॉलरची किंमतही गाठता आली नाही. २००७ मध्ये ती १८८ डॉलरच्या आसपास होती. तथापि एवढ्या पैशांत टिकाऊपणा देता येतो, हे त्या यंत्राने दाखवले. टिकाऊपणा म्हणजे चैन, हा समज तिथे मोडला.

पातळपणाचा काळ आणि उलटा प्रवाह

याच सुमारास बाजार दुसऱ्या दिशेने धावू लागला. २००८ मध्ये अ‍ॅपलने मॅकबुक एअर आणला आणि त्याच वर्षी अ‍ॅल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कोरलेले कवच. कवच उत्तम, कडक, न वाकणारे. पण पुढे रॅम मुख्य पट्टीवर डाखून टाकली, बॅटरी चिकटवली, आणि इतरांनी त्याचे अनुकरण केले. बाहेरून भक्कम, पण आतून दुरुस्त न होणारे, असे यंत्र जन्माला आले. कवच वीस वर्षे टिकेल, बॅटरी चार. मग वीस वर्षांच्या कवचाचा उपयोग काय?

त्यात सॉफ्टवेअरची भर पडली. विंडोज ११ ने २०२१ मध्ये जुन्या प्रोसेसरांना दार बंद केले आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. अंगाने धडधाकट असलेली असंख्य यंत्रे एका तारखेने निवृत्त ठरली. लिनक्ससारख्या प्रणालीवर ती अजून चांगली चालतात, पण ती टाकायला घरात कुणी जाणता हवा.

सुदैवाने प्रवाह आता थोडा उलटा फिरतो आहे. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्ती-गुण छापणे सक्तीचे केले. त्याच वर्षी फ्रेमवर्क या अमेरिकन कंपनीने प्रत्येक भाग गिऱ्हाइकाने बदलावा असा लॅपटॉप बाजारात आणला. भारत सरकारने २०२२ च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. युरोपीय संघाच्या २०२३ च्या कायद्यानुसार फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला काढता येईल अशी असावी लागणार आहे. गोदरेजच्या कारागिराला जे गृहीत होते ते आता कायद्याने मागावे लागत आहे.

मग दुकानात काय पाहावे?

या साऱ्या इतिहासातून काउंटरवर उपयोगी पडतील अशा काही गोष्टी निघतात. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडावे. चौकट पिळली जात असेल तर बिजागरी फार काळ टिकणार नाही. कीबोर्डच्या मध्यावर बोटाने दाबून पाहावे. तो खाली वाकू नये. यंत्र उलटे करून स्क्रू पाहावेत. साधे स्क्रू असतील तर आत जाण्याची वाट आहे. रॅम आणि डिस्क बदलता येते का, बॅटरी स्क्रूने बसवली आहे का, त्या मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका कंपनीने खुली ठेवली आहे का, हे विचारावे. चार्जिंगची जागा वेगळ्या छोट्या पट्टीवर असेल तर उत्तम, कारण ती सर्वांत आधी ढिली होते. हमी फक्त अमिरातीत चालते की भारतातही, हे लेखी घ्यावे. आणि बॅटरी ऐंशी टक्क्यांवर रोखण्याची सोय असेल तर ती पहिल्याच दिवशी चालू करावी.

घरगुती मालिकांपेक्षा कंपन्यांच्या व्यावसायिक मालिका सहसा अधिक टिकतात, कारण त्यांचे गिऱ्हाईक हजारो यंत्रे एकदम घेते आणि बिघाडाचा हिशेब ठेवते. ती नवी महाग वाटली तर दोन-तीन वर्षे वापरलेली, नीट तपासलेली व्यावसायिक यंत्रे शारजात पुष्कळ मिळतात. नव्या स्वस्त यंत्रापेक्षा असा जुना दणकट लॅपटॉप अनेकदा शहाणपणाचा ठरतो. मात्र त्याचा प्रोसेसर विंडोज ११ ला चालतो की नाही हे आधी पाहावे.

अर्थात कोणतेही यंत्र अमर नाही. १६ एप्रिल २०२४ च्या विक्रमी पावसात शारजाच्या कित्येक वस्त्यांत दिवसच्या दिवस पाणी साचून राहिले, आणि अशा पाण्यापुढे कसले मॅग्नेशियम आणि कसले रबर! मुलांचे फोटो, पदव्यांची प्रमाणपत्रे, घराचे कागद यांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर आणि वेगळ्या ठिकाणी असलीच पाहिजे.

आपल्या आधीच्या पिढीने गल्फमधून टेपरेकॉर्डर आणि मिक्सर नेले, आणि त्यांतले काही गावाकडे अजून चालतात, कारण गावच्या मेकॅनिकला ते उघडता येत होते. आपण नेणार तो लॅपटॉपही त्याच्या हाताला मानवेल असा असावा. विकत घेताना एवढा एक विचार केला, तर उरलेले बरेचसे प्रश्न आपोआप सुटतात.